माणदेशाच्या पोरांच्या हाती माणदेशाचं पुस्तक कधी पडणार?



या पानावर एरवी पाण्याच्या पाळीचं, डाळिंबावरच्या तेल्याचं, सोसायटीच्या कर्जाचं बोलणं असतं. आज पुस्तकांचं बोलायचं आहे. शेतीच्या पानावर पुस्तकं कशाला, असं कुणी म्हणेल. त्यांना एवढंच सांगणं, की ग्रामपंचायतीच्या दप्तरात गावच्या मिळकतीची नोंदवही असते. विहिरी किती, समाजमंदिर कुठं, गायरान किती एकर, सगळं त्यात लिहिलेलं असतं. माणदेशाची एक मोठी मिळकत मात्र कुठल्याच नोंदवहीत नाही. ती म्हणजे या मुलखावर आणि या मुलखातल्या पोरासोरांवर लिहिली गेलेली पुस्तकं. त्या मिळकतीचे खरे वारस आज वाडीवरच्या शाळेत बसतात, आणि वारसांनाच आपल्या मिळकतीचा पत्ता नाही.

मुलूख एक, जिल्हे तीन

माणगंगा माण तालुक्यात उगवते, आटपाडी आणि सांगोल्यातून वाहते आणि पुढे भीमेला मिळते. तिच्या काठचा आणि आजूबाजूचा हा सगळा पट्टा म्हणजे माणदेश. माण, खटाव, आटपाडी, सांगोला आणि त्यांना लागून असलेला जत-कवठेमहांकाळचा दुष्काळी भाग हा बोलण्या-चालण्यानं, पिकापाण्यानं आणि देवादिकांनी एकच. सरकारी कागदावर मात्र तो सातारा, सांगली आणि सोलापूर अशा तीन जिल्ह्यांत वाटला गेला. सातारा म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आठवतं, सांगली म्हटलं की कृष्णाकाठची हळद आणि ऊस, सोलापूर म्हटलं की चादरी. माणदेश प्रत्येक जिल्ह्याच्या कडेला पडलेला. पर्जन्यछायेतला हा भाग, पाऊस वर्षाकाठी 500 मिलिमीटरच्या आसपास, तोही मनाला येईल तेव्हा.

पण याच कोरड्या मुलखानं मराठीला काय दिलं ते बघा. आटपाडी तालुक्यातलं माडगुळं हे व्यंकटेश माडगूळकरांचं गाव. त्यांचे थोरले बंधू गदिमा 1919 मध्ये शेटफळ्याला जन्मले. शंकरराव खरात 1921 मध्ये आटपाडीत जन्मले. एकाच तालुक्यातली, आठ वर्षांच्या अंतरानं जन्मलेली ही तीन माणसं, आणि त्यातली दोन अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला लागोपाठ अध्यक्ष लाभली. 1983 मध्ये अंबाजोगाईला व्यंकटेश तात्या आणि 1984 मध्ये जळगावला खरात. ज्या तालुक्यात प्यायला पाणी नव्हतं, त्या तालुक्यातली ही कमाई आहे.

पोरांनी वाचावीत अशी तीन पुस्तकं

आता मुद्द्याचं. ही पुस्तकं बालवाङ्मय म्हणून लिहिलेली नाहीत, हे आधीच सांगतो. पण आठवी-नववीतलं पोरगं जी पुस्तकं हातात धरून एका बैठकीत संपवील, अशी ती आहेत. त्यात बोजड शब्द नाहीत. त्यात आपलीच माणसं आहेत.

पहिलं ‘माणदेशी माणसं’. 1949 मध्ये हे पुस्तक आलं तेव्हा लेखक अवघ्या बावीस वर्षांचा होता. एकेक माणूस घ्यायचा आणि पाच-दहा पानांत तो उभा करायचा, असा प्रकार. धर्मा रामोशी, रामा मैलकुली, शिवा माळी, मुलाण्याचा बकस. यातला ‘झेल्या’ हा वर्गातला एक पोरगा आणि त्याचा मास्तर यांच्यावर आहे. ‘धर्मा रामोशी’ आणि ‘झेल्या’ शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून पोरांच्या पिढ्यांनी वाचले. धर्माला दिलेलं धोतर शेवटी कुणाच्या अंगावर दिसतं, ते ज्यानं वाचलं तो माणूस गरिबीची चेष्टा पुन्हा करत नाही. पंचवीस भाषणांनी जे होत नाही, ते त्या एका धोतरानं होतं.

दुसरं ‘बनगरवाडी’, 1955 सालचं. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीवर मिसरूड फुटायच्या वयातला एक मास्तर येतो. शाळा आहे, पण पोरं नाहीत. पोरं शाळेत आली तर मेंढरांमागं जायचं कुणी, हा वाडीचा साधा सवाल. मास्तर हळूहळू पोरं गोळा करतो. लोकांची पत्रं लिहून देतो, तंटे सोडवतो, शहरातली कामं करून आणतो. वाडीच्या श्रमदानातून तालीम उभी राहते आणि खुद्द राजेसाहेब तिच्या उद्घाटनाला येतात. मग पाऊस दडी मारतो. मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जगायला बाहेर पडतात आणि शाळा रिकामी होते. बैल नसल्यानं बायकोच औताला जुंपून घेते, हेही त्यात आहे. ग्रामसेवक, तलाठी आणि नव्यानं नेमणूक झालेल्या शिक्षकानं तर हे पुस्तक वाचावंच. गावात सरकारचा माणूस म्हणून राहायचं कसं, याचं इतकं चांगलं प्रशिक्षण कुठल्या शिबिरात मिळत नाही. हे पुस्तक 1958 मध्ये इंग्रजीत गेलं आणि 1995 मध्ये अमोल पालेकरांनी त्यावर सिनेमा काढला.

तिसरं शंकरराव खरातांचं ‘तराळ-अंतराळ’, 1981 सालचं आत्मचरित्र. याचा सुरुवातीचा भाग म्हणजे आटपाडीतल्या महारवाड्यात वाढणाऱ्या एका पोराचीच कहाणी आहे. वडील तराळकी करायचे. तराळकी म्हणजे गावकीची सगळी कामं, रात्री-अपरात्री आणि फुकटात. त्या घरातला पोरगा शाळेत जातो, औंधला शिकतो, पुण्याला जातो, वकील होतो आणि पुढं मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू होतो. तात्यांच्या पुस्तकात आपल्याला गाव वेशीच्या आतून दिसतं, खरातांच्या पुस्तकात तेच गाव वेशीबाहेरून दिसतं. दोन्ही वाचल्याशिवाय माणदेश पुरता कळत नाही. गावातल्या पोरांना ही दोन्ही पुस्तकं शेजारी-शेजारी ठेवूनच दिली पाहिजेत.

शाळेच्या कपाटात काय आहे?

आता तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जा आणि पुस्तकांचं कपाट उघडायला सांगा. किल्ली कुणाकडं आहे हे शोधण्यातच पहिला तास जाईल. कपाट उघडलं की परीकथा दिसतील, थोरांची चरित्रं दिसतील, शहरातल्या सोसायटीत राहणाऱ्या पोरांच्या गोष्टी दिसतील. त्यात वाईट काही नाही. पोरांनी जगातलं सगळं वाचावं. पण बऱ्याच शाळांत वर सांगितलेल्या तीन पुस्तकांपैकी एकही सापडणार नाही. सापडलं तर कोरं करकरीत, एकदाही न उघडलेलं.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सगळ्या विषयांची पुस्तकं असावीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. पण पुस्तकं वरून संच बांधून येतात. गडचिरोलीला जो संच तोच आटपाडीला, आणि तोच रत्नागिरीला. आपल्या रानात कुठलं बी पेरायचं हे आपण मुंबईला विचारत नाही. आपल्या पोरांनी काय वाचायचं, हे मात्र आपण कधी विचारलंच नाही.

क्रमिक पुस्तकात धडा असतो की, असं कुणी म्हणेल. धडा असतो, पण तो मार्कांसाठी असतो. एका वाक्यात उत्तरे द्या, संदर्भासह स्पष्टीकरण करा, आणि परीक्षा झाली की धडा संपला. धड्याच्या खाली जे पुस्तकाचं नाव छापलेलं असतं ते पुस्तक पोरानं कधी बघितलेलंच नसतं. हंड्यातलं भांडंभर पाणी चाखायला दिलं आणि हंडा लपवून ठेवला, अशातली ही गत.

कोकणाकडं बघा

कोकणातल्या पोराचं भाग्य याबाबतीत थोडं थोर. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 मध्ये ‘श्यामची आई’ लिहिली, 1935 मध्ये ती छापून आली. दापोली तालुक्यातलं पालगड हे एवढंसं गाव. पण त्या पुस्तकानं महाराष्ट्रातल्या घराघरांत पालगडची विहीर, तिथली झाडं, तिथली गरिबी नेऊन पोहोचवली. 1953 मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. आज पालगडचं पोरगं कुठंही गेलं आणि गाव सांगितलं, तर समोरचा माणूस ओळखीचं हसतो. आपल्या वाडीचं पोरगं पुण्याच्या वसतिगृहात गेलं आणि माणदेशातला आहे म्हणालं, तर समोरचा विचारतो, “म्हणजे दुष्काळीच ना?”

बंगालचंही एक उदाहरण ध्यानात घेण्यासारखं आहे. बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ ही खेड्यातल्या दोन भावंडांची कादंबरी, 1929 मध्ये पुस्तकरूपानं आली. ती मोठ्यांसाठीची. पण 1940 च्या दशकात तिथल्या प्रकाशकानं तिची मुलांसाठी छोटी आवृत्ती काढली आणि तिला चित्रं काढायला एक तरुण चित्रकार बसवला. त्या तरुणाचं नाव सत्यजित राय. चित्रं काढता-काढता ती गोष्ट त्याच्या मनात अशी घर करून बसली की पुढं त्यानं तिच्यावर सिनेमा काढला आणि तो जगभर गाजला. तो सिनेमा 1955 मध्ये आला, म्हणजे आपली ‘बनगरवाडी’ आली त्याच वर्षी. सांगायचं हे, की मोठ्यांचं चांगलं पुस्तक पोरांच्या हाती द्यायचं तर त्यासाठी कुणीतरी खटपट करावी लागते. बंगाली माणसानं ती केली. आपणही ती करायला काय हरकत आहे?

बनगरवाडीची शाळा आजही रिकामी होते आहे

आता गंभीर गोष्ट. ‘बनगरवाडी’तली शाळा दुष्काळानं रिकामी झाली. आज वाड्या-वस्त्यांवरच्या शाळा दुष्काळ नसतानाही रिकाम्या होत आहेत. 2000 च्या सुमारास आपल्याकडं वस्तीशाळा सुरू झाल्या, पुढं त्यांना नियमित शाळांचा दर्जा मिळाला. झाडाखाली, छपरात भरलेल्या या शाळांनी मेंढपाळांची आणि सालगड्यांची पोरं पहिल्यांदा पाटीवर आणली. आणि 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची भाषा सरकारी पातळीवर सुरू झाली. पट कमी का झाला? निम्मी पोरं इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडीत बसून तालुक्याला जातात म्हणून. वाडीवर उरतात ती ज्यांना गाडीचं भाडं परवडत नाही त्यांची पोरं, ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं, मेंढरांमागं फिरणाऱ्यांची पोरं. म्हणजे बनगरवाडीच्या मास्तरांपुढं जी पोरं बसायची, तीच.

गावानं शाळा वाचवायची तर पटाच्या आकड्यासाठी भांडायला हवंच. पण शाळा आपली वाटावी असंही काहीतरी शाळेत असायला हवं. वर्गात बसलेल्या पोराला पुस्तकात स्वतःचा चेहरा एकदाही दिसला नाही, तर शाळा म्हणजे परक्याचं घर, असंच त्याला वाटत राहणार. “हे पुस्तक तुझ्या आज्ज्याच्या वेळच्या वाडीचं आहे” असं गुरुजींनी म्हटलं, की पोराचे कान टवकारतात. आज्ज्याला जाऊन विचारतं. आज्जा सांगायला लागतो. घरात शाळा येते आणि शाळेत घर येतं.

भाषेचंही तसंच आहे. आपलं पोरगं “गेल्तो”, “आल्तो”, “काय करायलाईस” असं बोललं की बाई म्हणतात, नीट बोल. प्रमाणभाषा शिकवायलाच हवी, त्याशिवाय नोकरीचा अर्जसुद्धा लिहिता येत नाही. पण ज्या बोलीला वर्गात हसलं जातं, त्याच बोलीच्या जोरावर तात्यांनी मराठीतली कथा पालटून टाकली आणि 1983 मध्ये ‘सत्तांतर’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कारही घेतला, हे पोराला कळलं तर ते खाली मान घालणार नाही.

गोष्ट 1950 पाशीच थांबली

इतकं सगळं जुन्या पुस्तकांबद्दल झालं. पण एवढ्यावर भागणार नाही. खरी उणीव पुढचीच आहे. पोरांच्या हाती देण्याजोगा पुस्तकातला माणदेश बराचसा 1950 च्या आसपास थांबला आहे. मेंढरं, दुष्काळ, संस्थान, चालत जाणारा मास्तर. आजचं पोरगं ज्या माणदेशात राहतं तो निराळा आहे.

आज्ज्यानं 1972 च्या दुष्काळात खडी फोडली आणि सुकडी खाल्ली. बाप 2012-13 मध्ये आणि पुन्हा 2018-19 मध्ये जनावरं घेऊन चारा छावणीत राहिला, आणि पोरगं शाळा सुटली की डबा घेऊन छावणीत जायचं. तिथंच ताडपत्रीखाली कंदिलावर नाहीतर मोबाईलच्या उजेडात गृहपाठ करायचं. ही गोष्ट कुणी लिहायची?

1990 च्या दशकात आटपाडीत पाणी परिषदा भरल्या. नागनाथअण्णा नायकवडींच्या मागं बाया-माणसं हजारांनी बसली. टेंभू योजनेला 1996 मध्ये मंजुरी मिळाली आणि कऱ्हाडजवळ उचललेलं कृष्णेचं पाणी टप्प्या-टप्प्यानं चढवत आज आपल्या तलावांत पडतं आहे. ज्या दिवशी गावच्या ओढ्याला पहिल्यांदा उन्हाळ्यात पाणी आलं, त्या दिवशी म्हाताऱ्या बायांनी हळद-कुंकू वाहिलं आणि पोरं कपड्यासकट पाण्यात पडली. जतच्या पूर्वेच्या गावांना याच पाण्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. ही केवढी गोष्ट आहे! पण ती अहवालात आहे, पोरांच्या पुस्तकात नाही.

गलाईवाल्यांचं घ्या. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी भारतभर पसरली. केरळात, तामिळनाडूत, पंजाबात, कुठं नाहीत विचारा. त्यांची पोरं शाळेत मल्याळम नाहीतर तमिळ बोलतात आणि जत्रेला गावी आली की आज्जीशी माणदेशी बोलतात. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत असं पोरगं खिल्लार बैलापुढं उभं राहून भितं आणि गावचं चुलतभावंड त्याला हसतं. यातच एक अख्खी कादंबरी आहे.

मेंढरांचंच बघा ना. ‘बनगरवाडी’तली मेंढरं दुष्काळात फुकापासरी गेली. आज जत तालुक्यातल्या माडग्याळी मेंढीचा चांगला नर लाखांत विकला जातो आणि त्याचा फोटो मोबाईलवर फिरतो. बैलगाडा शर्यती 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानं बंद केल्या, 2021 च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली आणि 2023 मध्ये कायदा कोर्टात टिकला. या सात वर्षांत खिल्लार खोंड सांभाळणाऱ्या घरातल्या पोराला काय वाटलं असेल? माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावली. तिच्यासारख्या पोरींची गोष्ट आपल्या पोरींच्या दप्तरात असायला नको का?

आणि आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. औंधच्या राजेसाहेबांनी 1939 च्या सुमारास कैद्यांना भिंती नसलेल्या वसाहतीत ठेवून शेती करायला लावली. त्यावरूनच पुढं ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा 1957 मध्ये निघाला आणि त्याची कथा लिहिली आपल्याच गदिमांनी. आपल्या शिवारात घडलेली गोष्ट जगानं पडद्यावर बघितली, आणि दहा मैलांवरच्या शाळेतल्या पोराला ती ठाऊक नाही.

काही शंका

“पुस्तकानं डाळिंबाला भाव मिळतो का?” मिळत नाही. पण व्यापाऱ्यानं पुढं केलेली पावती वाचून सही करायची की न वाचता अंगठा उठवायचा, हे वाचायच्या सवयीवर ठरतं. आणि वाचायची सवय फवारणीच्या तक्त्यानं लागत नाही, गोष्टीनं लागते. ओळखीच्या मुलखातली गोष्ट असली तर लवकर लागते.

“जुन्या पुस्तकांत जातीची नावं आहेत, उपासमार आहे, पोरांना कशाला?” हा प्रश्न चांगल्या मनानं विचारला जातो. पण जे घडलं ते लपवून पोरं शहाणी होत नाहीत. शिकवणारा माणूस समजूतदार हवा, एवढं खरं. गुरुजींनी आधी स्वतः वाचावं, अवघड ठिकाणी थांबावं, आणि पोरांना बोलू द्यावं. तराळकी काय होती हे ज्याला पुस्तकातून कळलं, तो गावात शेजाऱ्याला माणसासारखं वागवायला शिकतो.

“पोरं मोबाईल सोडत नाहीत, पुस्तक कोण वाचतो?” मोबाईलवरच वाचू द्या. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं, त्याचे जुने अंक मोबाईलवर फुकट वाचायला ठेवले आहेत. पण घरात मोठ्या माणसाच्या हातात कधीच पुस्तक दिसलं नाही, तर पोराच्या हातात ते कुठून येणार?

करायचं काय?

नुसतं रडून उपयोग नाही. खाली लिहिलेल्यापैकी एकही गोष्ट अशी नाही की जिला मंत्रालयात जावं लागेल.

एक. प्रत्येक शाळेत ‘आपला मुलूख’ असा एक वेगळा कप्पा करा. वर सांगितलेल्या तीन पुस्तकांच्या चार-चार प्रती त्यात ठेवा. गावच्या जत्रेत एका रात्रीच्या आर्केस्ट्राला जेवढा खर्च होतो, तेवढ्यात शाळेचं अख्खं कपाट भरून वर पैसे उरतील. जत्रा कमिटीनं मनावर घेतलं तर प्रश्नच नाही.

दोन. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्चायचा असतो. तो दरवर्षी कशावर जातो, हे ग्रामसभेत विचारा. गावचा विकास आराखडा करताना शाळेच्या पुस्तकांचा विषय मांडा आणि तो ठरावात लिहून घ्या. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं. भाऊसाहेब, नाव बदललं तसं हे एक कामही नवं घ्या. नियमात कसं बसवायचं हे तुमच्याइतकं कुणाला कळतं?

तीन. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात नको, सातवीतल्या पोरीकडं द्या. पुस्तक फाटलं तर फाटू द्या. फाटलेलं पुस्तक वाचलेलं असतं. पुस्तक हरवलं म्हणून शिक्षकाच्या पगारातून वसुली होणार, ही भीती गटशिक्षणाधिकाऱ्यांनी आधी घालवली पाहिजे. त्या भीतीनंच कपाटं बंद राहतात.

चार. गलाईसाठी बाहेर गेलेल्या मंडळींना सांगा. ते देवळाच्या कळसाला, कमानीला मोकळ्या हातानं देतात. एका वर्षी कमानीऐवजी ‘बनगरवाडी’ची मुलांसाठी चित्रांची, सोपी आवृत्ती काढायला मदत करा म्हणावं. लेखकांचे वारस आणि प्रकाशक यांची रीतसर परवानगी घेऊन, आपल्याच भागातल्या चित्रकाराकडून मेंढरं, वाडा, तालीम काढून घेऊन. तीन जिल्ह्यांच्या जिल्हा परिषदांनी मिळून हे केलं तर आणखी बरं. नाहीतरी माणदेशासाठी त्या तिघी एकत्र कधी बसतात?

पाच. नवी पुस्तकं लिहिणारे आपल्यातूनच निघाले पाहिजेत. सहावी ते दहावीच्या पोरांना दिवाळीच्या सुट्टीत एकच काम द्या. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून छावणीची, पाण्याची, मेंढरांची, गलाईची, ऊसतोडीची एक गोष्ट लिहून आणायची. बोलीत लिहिली तरी चालेल. शुद्धलेखनाचे मार्क कापायचे नाहीत. गावोगावच्या वह्या केंद्रशाळेत जमा करा, चांगल्या दहा गोष्टी निवडून छापा आणि 26 जानेवारीला ज्यानं लिहिली त्याच्याच तोंडून वाचून घ्या. ‘माणदेशी माणसं’ लिहिणारा लेखकही बावीसच वर्षांचा होता आणि त्यानं लांबचं काही आणलं नव्हतं. डोळ्यांपुढं होतं तेच लिहिलं.

मंडळी, पाणी आणायला आपल्याला तीस-चाळीस वर्षं लागली. त्यासाठी मोर्चे काढावे लागले, तुरुंगात जावं लागलं. पुस्तक आणायला तसलं काही करावं लागत नाही. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक ओळ वाढवा, “शाळेसाठी माणदेशावरील पुस्तकांची खरेदी”. ठरावाला सूचक कोण आणि अनुमोदक कोण, ते आजच पारावर बसून ठरवा. आणि पुस्तकं आली की पहिलं पुस्तक सरपंचांनी घरी न्यावं. सरपंच वाचतात हे पोरांनी बघितलं, की पुढचं काम पोरंच करतील.